तक्रारीचे दफ्तर

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्या पेठांतील दुकानांतून पिढ्यान् पिढ्या लटकत आली आहे, आणि तिच्यातील कायदा गिऱ्हाइकाने इतका मुकाट्याने मान्य केला आहे की, मालात खोट निघाली तर दोष आपल्याच नजरेचा, असे समजून तो गप्प बसतो. मोटारगाडीचा धंदाही पहिली साठ-सत्तर वर्षे याच कायद्याने चालला. विकून झालेली गाडी ज्याने घडवली त्यानेच ती माघारी बोलवावी, तिच्यातील दोष स्वतःच्या सहीने लिहून द्यावा आणि मालकाकडून एक पैसाही न घेता तो दूर करावा, ही रीत व्यापाराच्या इतिहासात फार उशिरा आली. ती कशी आली, आणि विजेच्या गाडीपुढे तिची परीक्षा कशी झाली, हे मी शेव्हरोले बोल्ट या अमेरिकन गाडीच्या आधारे सांगणार आहे. कारण या एका गाडीच्या हकिकतीत त्या रीतीचे सामर्थ्य आणि तिचे अपुरेपण ही दोन्ही जितकी स्पष्ट दिसतात तितकी मला दुसऱ्या कोणत्याही गाडीच्या हकिकतीत दिसली नाहीत.

ही रीत कोणा उदार कारखानदाराच्या मनात उपजलेली नाही. १९६५ च्या नोव्हेंबरात राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात जनरल मोटर्स कंपनीच्या कॉर्व्हेअर या गाडीच्या मागील चाकांच्या रचनेवर त्याने दोषारोप ठेवला. आरोपाचा जाब देण्याऐवजी कंपनीने आरोप करणाराच्या मागे खाजगी हेर लावले; ती गोष्ट उघडकीस आली, आणि २२ मार्च १९६६ रोजी कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांच्या समितीपुढे रुजू होऊन जाहीर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली, आणि गाडीत सुरक्षेचा दोष आढळल्यास तो मालकाला लेखी कळवणे कारखानदारावर बंधनकारक झाले. मात्र हा कायदा कळवण्यापाशीच थांबला होता. दुरुस्ती विनामूल्य करून देण्याची सक्ती १९७४ च्या सुधारणेने आली. न्यायबुद्धीने येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९७२ साली सरकारने प्रसिद्ध केलेल्या तपासणीत कॉर्व्हेअर ही आपल्या समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोक्याची नव्हती, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे ज्या फिर्यादीतून कायदा जन्मास आला ती फिर्याद पुरती शाबीत झाली नाही. पण फिर्याद ऐकून घेण्याची जी व्यवस्था तिच्यामुळे निर्माण झाली तिची आवश्यकता त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

या व्यवस्थेतील सर्वांत मोलाचा भाग मला तरी दंडाचा वाटत नाही. तो दफ्तराचा वाटतो. वाहनसुरक्षेचे जे सरकारी खाते १९७० साली अमेरिकेत स्वतंत्रपणे उभे राहिले, आणि जे त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘निट्सा’ या नावाने ओळखले जाते, त्याच्याकडे कोणीही गाडीमालक आपली तक्रार दाखल करू शकतो. मालकाचे नाव झाकून ती तक्रार प्रसिद्ध केली जाते आणि कोणालाही वाचता येते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल सोडून ज्याने कधी कागद चाळले असतील त्याला या योजनेचे मर्म सांगावे लागणार नाही. एका गावच्या पाटलाचा अर्ज सुटा वाचला तर ते त्या गावचे गाऱ्हाणे वाटते. त्याच सालचे दहा गावांचे अर्ज एकाखाली एक ठेवून वाचले म्हणजे त्या परगण्यातील अवर्षण दिसू लागते. गाडीच्या दोषाचेही असेच आहे. एखादी गाडी जळाली तर ती दुर्घटना ठरते. त्याच बनावटीच्या तीन गाड्या, तिन्ही मागील आसनाखालून, तिन्ही उभ्या असताना जळाल्या, तर तो पुरावा होतो. परंतु असा पुरावा होण्यासाठी तिन्ही कागद एकाच ठिकाणी असले पाहिजेत, आणि ते एकत्र वाचणारा मनुष्य त्या ठिकाणी असला पाहिजे.

तो मनुष्य नेहमी असतोच असे नाही. जनरल मोटर्सच्याच काही गाड्यांची चावीची कळ किंचित धक्क्याने फिरून चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि त्यामुळे अपघाताच्या क्षणी हवेच्या पिशव्या फुगत नसत. या दोषाचा सुगावा कंपनीतील अभियंत्यांना २००० नंतरच्या पहिल्याच काही वर्षांत लागलेला होता, तक्रारीही दफ्तरी दाखल होत होत्या, पण २००७ आणि २०१० साली सरकारी खात्याने रीतसर चौकशी न उघडण्याचाच निर्णय घेतला. २०१४ साली अखेर जगभरातील सुमारे २६ लाख गाड्या माघारी बोलावण्यात आल्या, आणि कंपनीने नेमलेल्या नुकसानभरपाईच्या योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांना त्या वर्षी अमेरिकन संसदेच्या समित्यांपुढे जाऊन आपल्या कंपनीची कैफियत द्यावी लागली. हा प्रसंग ध्यानात ठेवल्याशिवाय पुढे बोल्टच्या बाबतीत त्याच कंपनीने जी पावले टाकली त्यांचा अर्थ लागत नाही, कारण प्रमुखपदावर तेव्हाही मेरी बारा याच होत्या.

विजेच्या गाडीला आग हीही काही बोल्टने आणलेली नवी गोष्ट नव्हती. याच कंपनीने १९९६ साली ईव्ही-१ नावाची विजेची गाडी भाड्याने द्यावयास आरंभ केला होता, आणि २००० च्या मार्चमध्ये त्यांतील पहिल्या पिढीच्या ४५० गाड्या तिला परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण चार्जिंगच्या जोडाची तार तापत असे. अशा सोळा घटनांची नोंद झाली होती आणि एक गाडी चार्जिंग चालू असता जळून गेली होती. पुढे व्होल्ट ही गाडी आली. २०११ च्या मे महिन्यात सरकारी कसोटीसाठी तिला बाजूने खांबावर आदळविण्यात आले, आणि आदळल्यावर तब्बल तीन आठवड्यांनी, अंगणात निमूट उभी असताना, ती पेटली. पेट्रोलची गाडी पेटायची ती आदळताक्षणी पेटते. विजेच्या गाडीतील इजा आत दडून राहते आणि आपल्या वेळेने बाहेर येते, ही गोष्ट त्या घटनेने ध्यानी आली. बोल्टच्या वेळी तिचाच प्रत्यय अधिक भयंकर रीतीने यावयाचा होता.

बोल्ट ही गाडी चांगली होती, हे आरंभीच निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. मिशिगन राज्यातील ओरायन येथील कारखान्यात ती २०१६ च्या अखेरीपासून तयार होऊ लागली. एका चार्जिंगमध्ये २३८ मैल, म्हणजे सुमारे ३८३ किलोमीटर, जाणारी आणि तरीही ४० हजार डॉलरच्या आत मिळणारी अशी विजेची गाडी तोवर बाजारात नव्हती. श्रीमंतांच्या शौकातून ही सवारी शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या दारी आणण्याचे श्रेय तिला दिले पाहिजे. तिच्या तळाशी दक्षिण कोरियातील एलजी केम या कंपनीने बनवलेले २८८ घट बसवलेले होते. बोल्ट घेणारे पुष्कळसे लोक हे पृथ्वीच्या तापमानाची चिंता करणारे, गाडीविषयी श्रद्धा बाळगणारे होते, आणि म्हणूनच त्यांनी लिहिलेल्या तक्रारींना एक वेगळे वजन आहे. गाडीचा द्वेष करणाऱ्याने त्या लिहिलेल्या नव्हत्या.

२०२० च्या ऑक्टोबरात सरकारी खात्याने प्राथमिक चौकशी उघडली ती तीन आगींच्या खबरींवरून, आणि चौकशीच्या कक्षेत सुमारे ७७ हजार ८०० गाड्या आल्या. महिनाभरात, १३ नोव्हेंबरला, कंपनीने जगभरातील सुमारे ६८ हजार ६०० गाड्या माघारी बोलावल्या. त्या सर्वांचे घट कोरियातील ओचांग येथील कारखान्यात तयार झालेले होते. तोवर पाच आगी आणि दोघांना किरकोळ इजा इतकी नोंद झाली होती. चावीच्या कळीच्या प्रकरणात एका तपाहून अधिक काळ गेला, आणि येथे महिनाभरात हुकूम निघाला, हा फरक लहान नाही; आणि तो पूर्वीच्या पापाच्या आठवणीतून आला, असे मी निश्चयाने म्हणतो.

पण येथेच या रीतीचे अपुरेपण उघडे पडते. गाड्या परत बोलावल्या गेल्या खऱ्या, परंतु आग का लागते हे अजून कोणालाच ठाऊक नव्हते. रोगाचे निदान झालेले नसताना वैद्याने पथ्य सांगावे त्याप्रमाणे मालकांना सांगण्यात आले की, गाडी ९० टक्क्यांपेक्षा अधिक चार्ज करू नका. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये कंपनीने जाहीर केले की कायमचा उपाय सापडला आहे: विक्रेत्याच्या कार्यशाळेत यंत्राने घटांची तपासणी करावी, बिघडलेले घट बदलावेत, आणि घटांत काही विपरीत घडू लागल्यास आधीच सूचना देणारी संगणकीय आज्ञावली गाडीत बसवावी, म्हणजे १०० टक्के चार्ज करण्यास हरकत नाही. मालकांनी त्यावर विश्वास ठेवला, रांगेत गाड्या उभ्या केल्या, दुरुस्तीचा कागद घेऊन ते घरी गेले.

१ जुलै २०२१ च्या सकाळी व्हरमाँट राज्यातील एका लोकप्रतिनिधीच्या अंगणात २०१९ सालची बोल्ट पेटली. तिची दुरुस्ती होऊन गेली होती. दुरुस्त झालेली आणखी एक गाडी दुसरीकडे जळाली. या दोन आगींनी जे केले ते आधीच्या सर्व तक्रारींना करता आले नव्हते: त्यांनी दोषच नव्हे, तर उपायही खोटा ठरवला. १४ जुलैला मालकांना कळवण्यात आले की, चार्जिंग होताच गाडी घराबाहेर उभी करा आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. ज्या गाडीचे मुख्य सुख हेच की रात्री ती लावून ठेवावी आणि सकाळी भरलेली मिळावी, तिच्या मालकाला रात्री उठून तार काढण्याचा सल्ला मिळाला. आणि ज्याला अंगणच नाही, इमारतीच्या तळघरात ज्याची जागा आहे, त्याने काय करावे? सप्टेंबरात आणखी सूचना आली की, वाहनतळात ही गाडी इतर गाड्यांपासून ५० फूट दूर ठेवा. काही वाहनतळांनी बोल्टला प्रवेशच बंद केला. आगीने कोणाचाही बळी गेला नाही हे खरे, परंतु आपल्या मुलांच्या खोलीखाली उभ्या असलेल्या वस्तूकडे रोज रात्री संशयाने पाहावे लागणे ही इजा कोणत्याही तक्त्यात नोंदली जात नाही, म्हणून ती इजा नव्हे असे मी मानीत नाही.

निदान शेवटी झाले ते असे. प्रत्येक घटात धन आणि ऋण अशा दोन थरांमध्ये एक अत्यंत पातळ पडदा असतो. विद्युत्भारित कण त्यातून पार जाऊ शकतात, पण दोन्ही थरांचा प्रत्यक्ष स्पर्श तो होऊ देत नाही. घटातील वीज बाहेर आणणारी धातूची पातळ पट्टी काही घटांत फाटलेली निघाली, आणि काही घटांत तो पडदा दुमडला गेलेला निघाला. यांतील कोणताही एक दोष एकट्याने आग लावीत नव्हता. दोन्ही दोष योगायोगाने एकाच घटात आले, आणि घट पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण भरलेला असला, म्हणजे आतल्या आत दोन थर भिडत, तो घट तापे, त्याची उष्णता शेजारच्या घटाला लागे, आणि एकदा ही परंपरा सुरू झाली की ती थांबवणे जवळजवळ अशक्य होई. हजारोंत एखाद्याच घटात जुळणारा असा योग कार्यशाळेतील तपासणीला दिसला नाही यात नवल नाही; नवल हे की तो दिसणारच असे तीन महिने सर्वांना सांगितले गेले.

निदान झाल्यावर मात्र कंपनीने हात आखडला नाही. २० ऑगस्ट २०२१ रोजी तिने कारखान्यातून तोवर बाहेर पडलेली प्रत्येक बोल्ट, पहिलीपासून त्या दिवसापर्यंतची, माघारी बोलावली. कारण सदोष घट केवळ ओचांगचे नव्हते, इतर कारखान्यांतील घटांतही तीच खोट सापडली होती. गाड्यांची संख्या सुमारे १ लाख ४२ हजारांवर गेली, खर्चाचा अंदाज १८० कोटी डॉलरवर गेला, आणि ओरायनचा कारखाना थांबला. विक्रीसाठी गाड्या तेथून पुन्हा निघू लागल्या त्या २०२२ च्या एप्रिलमध्ये. घट पुरवणाऱ्या एलजीने यांपैकी बहुतेक खर्च भरून देण्याचे ऑक्टोबरात कबूल केले. पहिल्या वर्षांच्या गाड्यांना नवे घट मिळाले, त्यांची आठ वर्षांची हमी नव्याने सुरू झाली, आणि ज्यांना ते मिळाले त्यांची गाडी पूर्वीपेक्षा वीसेक मैल अधिक जाऊ लागली. एका दुमडलेल्या पडद्यासाठी एका कंपनीने आपल्या एका बनावटीच्या सर्वच्या सर्व गाड्या परत बोलावल्या, ही गोष्ट १९६५ च्या पूर्वी कोणाला सांगितली असती तर ती कोणी खरी मानली नसती.

तरी कागद तेथे मिटला नाही. २०२० ते २०२२ सालच्या गाड्यांच्या अनेक मालकांना नव्या घटांऐवजी २०२३ मध्ये एक नवी आज्ञावली देण्यात आली, जी सुमारे १० हजार किलोमीटर चालेपर्यंत गाडीला ८० टक्क्यांपलीकडे भरू देत नसे आणि त्या अवधीत घटांची परीक्षा करीत राही. पूर्ण पल्ल्याची किंमत मोजलेल्या मनुष्याला अपुऱ्या पल्ल्याची गाडी वापरावयास लावून परीक्षेचे काम त्याच्याच खर्चाने करून घ्यावे, हे मला न्याय्य वाटत नाही, आणि ते मालकांनाही वाटले नाही. दावे दाखल झाले, आणि २०२४ मध्ये १५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. मधल्या काळात, २०२२ च्या डिसेंबरात, आसनाचा पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेच्या ठिणगीने अपघातानंतर गालिचा पेटू शकतो या वेगळ्याच कारणासाठी जवळजवळ तेवढ्याच गाड्या आणखी एकदा बोलावल्या गेल्या होत्या. २०२३ च्या डिसेंबरात बोल्टचे उत्पादन थांबले.

आपल्याकडे ही गाडी आली नाही. जनरल मोटर्सने २००८ साली तळेगाव येथे कारखाना काढला होता, पण २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्रीच बंद केली. मात्र गाडी परत बोलावण्याचा शब्द आपल्या कानांवर पडण्यास त्याच कंपनीचे एक प्रकरण मोठ्या प्रमाणात कारण झाले: २०१३ साली तिने धुराच्या चाचण्यांतील गैरप्रकारामुळे १ लाख १४ हजार तवेरा गाड्या बोलावल्या. त्या वेळी आपल्याकडे याविषयी कायदा नव्हता. वाहनउत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली स्वीकारलेली एक ऐच्छिक आचारसंहिता तेवढी होती. मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आले. सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना ते लागू आहेत, सक्तीने गाड्या बोलवाव्या लागल्यास १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण सरकारने तक्रारींवरून हात घालावा यासाठी त्या गाडीच्या विक्रीच्या मानाने तक्रारींची ठरावीक संख्या भरावी लागते.

नियम लागू होऊन वर्ष होते न होते तोच, २०२२ च्या मार्चमध्ये, पुण्याच्या लोहगावात रस्त्याच्या कडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, आणि त्या वसंतात देशाच्या निरनिराळ्या भागांतून तशाच खबरी येऊ लागल्या. काही कंपन्यांनी मिळून काही हजार स्कूटरी स्वतःहून परत बोलावल्या. त्यांपैकी एका कंपनीचा आकडा ३,२१५ होता, दुसरीचा १,४४१. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि घटांच्या कसोटीचे नियम त्याच वर्षीच्या डिसेंबरापासून टप्प्याटप्प्याने कडक झाले. हे सर्व योग्यच झाले. परंतु तीन आगींच्या खबरींवर जेथे चौकशी उघडली जाते तेथील रीत, आणि तक्रारींची संख्या भरण्याची वाट जेथे पाहावी लागते तेथील रीत, या दोहोंत मला पहिलीच श्रेयस्कर वाटते. कारण बोल्टच्या बाबतीत निर्णायक ठरल्या त्या तक्रारी दोन होत्या, आणि १ लाख ४२ हजारांच्या हिशेबात दोन ही संख्या कोणत्याही टक्केवारीत बसत नाही.

संख्येचा नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत ती संख्या भरणे आपल्या हाती आहे. ज्याच्या विजेच्या स्कूटरचा अथवा गाडीचा घट अवाजवी तापत असेल, फुगला असेल, किंवा दुरुस्ती होऊनही पुन्हा तेच लक्षण दाखवीत असेल, त्याने विक्रेत्याच्या कार्यशाळेतील तोंडी आश्वासनावर घरी परतू नये. चॅसी क्रमांक, तारीख, त्या वेळी घट किती टक्के भरलेला होता आणि गाडी चालत होती की उभी, इतके चार तपशील लिहून त्याने आपली तक्रार कंपनीकडे आणि परिवहन खात्याकडे लेखी दाखल करावी, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.